'पास केलं तरी काही फरक पडत नाही' : विचारांनी डिप्रेशन येतं की डिप्रेशननं विचार?

पांदणरस्ता | सोमवार, रात्री ९:१२
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो. पगार कोणत्या महिन्यात होईल हे मलाही माहीत नसतं, म्हणजे नकारात्मक विचारांचा अनुभव दांडगा आहे. पण प्रश्न माझा नाही.

गेल्या आठवड्यात बी.ए. फायनलची अंतर्गत चाचणी तपासत होतो. एका पोराचे दोन प्रश्न व्यवस्थित सोडवलेले, तिसरा अर्ध्यावर सोडलेला, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'सर, मला पास केलं तरी काही फरक पडत नाही.'

चेहरा लगेच आठवला. पहिल्या वर्षी पुढच्या बाकावर बसून हात वर करणारा पोरगा. बत्तीस किलोमीटरवरून एसटीनं येतो. दिवाळीपासून आठवड्यात एखाद दिवस दिसतो. विचारलं की म्हणतो, 'काही नाही सर, वावरात काम होतं.' आणि वावरात काम खरंच असतं, म्हणून पुढं काही विचारता येत नाही.

प्राचार्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, पोरांमध्ये नकारात्मकता फार वाढली आहे, 'सकारात्मक विचारांची ताकद' असं एक व्याख्यान ठेवा आणि फोटो काढायला विसरू नका, नॅकच्या, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेच्या, फाइलला लागतात.

मला पडलेला प्रश्न असा की, असे विचार करकरून माणूस डिप्रेशनमध्ये जातो की आधी डिप्रेशन येतं आणि मग असले विचार सुचतात? पहिलं खरं असेल तर व्याख्यानाचा काही उपयोग तरी होईल. दुसरं खरं असेल तर ताप आलेल्याला 'अंग गार ठेव' म्हटल्यासारखं होईल.

तर्रीबाज | सोमवार, रात्री ९:२०
मानधन किती आहे? मी येतो. शाल-नारळ माझं मीच आणतो, तुम्ही फक्त पोह्यावर तर्री कमी पडू देऊ नका.

धुऱ्यावरचा | सोमवार, रात्री ९:४१
सर, व्याख्यानाचं मंग पाहा, आधी त्या पोट्ट्याच्या घरी जाऊन या. पोट्टं मास्तरले असं लिहून देते म्हणजे घरी बोलून नाई राह्यलं. माहं एवढंच म्हन्नं हाय.

शून्यबाकी | सोमवार, रात्री १०:०५
हे 'नकारात्मक विचार' प्रकरण मला मुळातच फसवं वाटतं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये, आणि बाजार समितीत लोकांनी चार हजारांच्या आसपास दिलं. २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ जागांना दहा लाखांच्या वर अर्ज. आता एखाद्या पोरानं 'पास होऊन फरक पडत नाही' लिहिलं, तर तो मनाचा रोग की साधं गणित? अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, उत्तर बरोबर लिहिलंय. सर, त्याचेही मार्क द्या.

परिस्थिती बदलायची नाही आणि पोरांना म्हणायचं विचार बदला. हे फार सोयीचं आहे.

निरगुडी | सोमवार, रात्री ११:१८
मी मानसशास्त्र शिकले आणि एका जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशन करते. शून्यबाकींचा राग मला पटतो, तरी थोडं थांबा.

आरन बेक नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९६०च्या दशकात एक गोष्ट टिपली. नैराश्याचे रुग्ण काहीही बोलत असले तरी विचार तीनच दिशांना जातात. मी वाईट, माझ्या भोवतीचं जग वाईट, आणि पुढंही वाईटच होणार. हे विचार रुग्ण ठरवून करत नाही, ते आपसूक येतात आणि इतक्या भरकन येतात की विचार आला हेच कळत नाही, फक्त जीव खाली बसल्याचं कळतं.

शून्यबाकी, तुमचे आकडे खरे आहेत. पण 'नोकऱ्या कमी आहेत' हे वाक्य आणि 'मी घरावर ओझं आहे' हे वाक्य, यांच्यामध्ये एक उडी आहे. भाव पडले म्हणून कुणी ओझं होत नाही. आम्ही समुपदेशक बघतो ती हीच उडी. बाकीचं तुम्ही म्हणता तसं सरकारनं बघायचं.

आता सरांचा प्रश्न, आधी काय? आजारी माणसाला विचारून हे कळत नाही, कारण नैराश्य आलं की सगळ्यांचेच विचार काळवंडतात. म्हणून अमेरिकेत टेंपल आणि विस्कॉन्सिन या दोन विद्यापीठांतल्या संशोधकांनी उलटीकडून सुरुवात केली. पहिल्या वर्षाची, त्या वेळी नैराश्य नसलेली मुलं घेतली. त्यातल्या एका गटाची सवय अशी की काही बिघडलं की 'माझ्यामुळेच, नेहमीच, सगळीकडेच'. दुसऱ्या गटाची तशी नाही. अडीच वर्षं पाठपुरावा केला. आधी कधीच नैराश्य न आलेल्यांपैकी पहिल्या गटात सुमारे १७ टक्क्यांना तीव्र नैराश्य आलं, दुसऱ्या गटात १ टक्क्याला.

म्हणजे विचारांची सवय आधी होती, आजार नंतर आला.

शून्यबाकी | सोमवार, रात्री ११:३०
म्हणजे शंभरातले ८३ जण तसेच विचार करून धडधाकट राहिले. मी हेच म्हणतोय.

निरगुडी | सोमवार, रात्री ११:४४
बरोबर, आणि म्हणूनच 'विचारांनी डिप्रेशन येतं' असं मी सरळ म्हणत नाही. पावसानं तीन आठवडे खंड दिला तर बरडावरचं पीक आधी मान टाकतं, काळ्या जमिनीतलं तग धरतं. खंडच पडला नाही तर बरडावरही पिकतं. सवय ही जमीन, संकट हा खंड. तुम्ही खंडाबद्दल बोलताय, मी जमिनीबद्दल.

आणि उलटंही खरं आहे. आजार आला की विचार आणखी काळे होतात, त्यानं आजार आणखी वाढतो. सर, तुमच्या दोन्ही पर्यायांचं उत्तर 'हो' आहे.

तर्रीबाज | मंगळवार, सकाळी ७:५०
रात्री बारापर्यंत जमिनीवर चर्चा. सात-बारा कोणाच्या नावावर आहे?

जयभवानी_फिटनेस | मंगळवार, सकाळी ८:१५
कडक बोलतो, राग मानू नका. आमच्या वेळी डिप्रेशन नव्हतं. पहाटे पाचला उठा, पाच किलोमीटर धावा, मोबाइल फेकून द्या. रिकामं डोकं म्हणजे सैतानाचं घर. आठ दिवसांत पोरगं सरळ होईल.

ज्वारीकाकू | मंगळवार, सकाळी १०:३२
फिटनेसभाऊ, तुमच्या वेळीही होतं. आम्ही त्याले डिप्रेशन म्हणत नव्हतो एवढंच. मी एकतीस वर्षं उपकेंद्रात सिस्टर होते. कोणी येऊन 'मी उदास आहे' असं म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणतात, 'मॅडम, मन लागून नाही राह्यलं', 'अंग मोडल्यासारखं होते', 'जेवन गोड लागत नाई', 'डोकं जड हाय'. आम्ही बी-कॉम्प्लेक्स देऊन घरी पाठवत होतो. आता वाटतं, त्यातल्या कित्येकांशी बसून दहा मिनिटं बोलायला पाहिजे होतं.

पण सर, एक सांगते. आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह. आपल्या विदर्भात सिकलसेलही बरंच आहे. थकलेलं पोरगं आळशी ठरते आणि मग स्वतःले आळशीच समजू लागते. दुसरं म्हणजे झोप. शेतीपंपाची लाइन बऱ्याचदा रात्रीची असते. हरभऱ्याले पाणी द्यायला पोरगं रात्री दोनला वावरात, आणि सकाळी सातची गाडी. अशा पोराले नकारात्मक नाही तर काय विचार येतीन?

धुऱ्यावरचा | मंगळवार, सकाळी १०:५०
काकू बरोबर बोलल्या. वरून रानडुकराची जागल वेगळीच. मी सवता बी चार-चार रात्री झोपलो नाई का दुनिया खायले उठते.

मुक्काम_पोस्ट_पुणे | मंगळवार, दुपारी १:२६
मूळचा वाशीम जिल्ह्यातला, पाच वर्षं पुण्यात राज्यसेवेची तयारी. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. तिसऱ्या वेळी पूर्वपरीक्षेतच राहिलो आणि त्यानंतर अभ्यासिकेच्या खुर्चीवर नुसता बसू लागलो. पुस्तक उघडं, पान तेच. मेसचा डबा तसाच परत. डोक्यात एकच, 'अधिकारी झालो तर माणूस, नाही तर काहीच नाही.' मधलं काही दिसतच नव्हतं. गावात माझ्याहून कमी शिकलेले लोक दुकान चालवतात, संसार करतात, ते मला माणूस वाटत होते. मी मात्र नाही.

बाबांचा फोन आला की उचलायचा नाही. कारण पक्कं ठाऊक की ते पैशांचा हिशेब मागणार.

रूममेटनं ओढत डॉक्टरकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या, तीन-चार आठवडे काहीच वाटलं नाही, मग झोप लागायला लागली. सोबत समुपदेशक होत्या. त्यांनी मला विचार चांगले कर वगैरे काही सांगितलं नाही. एक वही दिली. बाबांचा फोन उचलण्याआधी लिहायचं, 'बाबा काय म्हणतील', आणि फोन ठेवल्यावर लिहायचं, 'बाबा काय म्हणाले'. अकरा फोनांची नोंद अजून आहे माझ्याकडं. डाव्या बाजूला अकराही वेळा 'पैसे'. उजव्या बाजूला नऊ वेळा 'तिकडं पाऊस हाय का' आणि 'जेवला का'. एकदा पैशांचं निघालं, तेही 'पाठवू का' म्हणून. आणि एकदा चुकून लागला होता, मागं बैलाच्या घंटा ऐकू येत होत्या, मी दोन मिनिटं तेच ऐकत बसलो.

शून्यबाकी, परिस्थिती अजून तीच आहे. जागा वाढलेल्या नाहीत.

शून्यबाकी | मंगळवार, दुपारी १:५८
वाचलं. घंटांपाशी थांबलो. माझं म्हणणं मागं घेत नाही, पण आज भांडत नाही.

उंबरठा | मंगळवार, दुपारी ४:०३
मी एम.एस्सी. करतेय, मुलींच्या वसतिगृहात राहते. सगळे सांगतात, बोला, मन मोकळं करा. आम्ही चौघी रोज रात्री मन मोकळंच करतो. गाइड असं का बोलले, घरी स्थळं का बघतायत, मी तेव्हा असं का म्हटलं. दीड वाजेपर्यंत. सकाळी उठल्यावर हलकं वाटायच्या ऐवजी रात्रीपेक्षा जड वाटतं. आमचंच काही चुकतंय का?

निरगुडी | मंगळवार, सायं ५:१०
उंबरठा, बोलणं चुकत नाही, घोळवणं चुकतं. 'का झालं, माझंच का, मी अशी का' हे फिरत राहतं आणि 'आता उद्या काय करायचं' यावर येतच नाही, त्याला आम्ही रवंथ म्हणतो. सुसान नोलेन-होक्सेमा या संशोधिकेनं स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मुलांकडून त्यांच्या या सवयीची प्रश्नावली भरून घेतली होती. दोन आठवड्यांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, तिथं मोठा भूकंप झाला. तिनं त्याच मुलांना दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी पुन्हा गाठलं. भूकंपाची झळ कुणाला कमी, कुणाला जास्त बसली होती, पण तो फरक धरूनही ज्यांना आधीपासून घोळवायची सवय होती त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त आणि जास्त दिवस दिसली.

तुम्ही चौघी बोला जरूर, पण घड्याळ लावून. अर्धा तास झाला की उद्याची एक गोष्ट ठरवा आणि दिवा बंद.

धुऱ्यावरचा | मंगळवार, रात्री ८:२२
निरगुडीताई, राग नका येऊ देऊ, पण रवंथाले काहून बदनाम करता? जनावरानं रवंथ बंद केली का आमी डॉक्टरले फोन लावतो. रवंथ करते तेच जनावर ठणठणीत असते.

तर्रीबाज | मंगळवार, रात्री ८:२५
धुऱ्यावरच्या भाऊंना डॉक्टरेट द्या. 😄

निरगुडी | मंगळवार, रात्री ८:४०
हरले भाऊ! पण फरक तुम्हीच सांगितलात. गाय एकदा चघळून गिळते, मग ते पचतं. आपण तोच घास रात्रभर चघळतो आणि गिळतच नाही.

धुऱ्यावरचा | मंगळवार, रात्री ८:४४
हां, हे जमलं.

जयभवानी_फिटनेस | मंगळवार, रात्री ९:००
सगळे पुस्तकी. धावायचं कोणीच बोलत नाही.

निरगुडी | मंगळवार, रात्री ९:३१
बोलते की. तुमचं निम्मं म्हणणं खरं आहे. मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये बेकच्या, म्हणजे विचार तपासून बदलायच्या, उपचाराचे भाग सुटे करून पाहिले. नुसती कामं आणि हालचाल परत सुरू करण्याचा भाग एका गटाला, पूर्ण उपचार दुसऱ्याला. नुसत्या कामाच्या गटालाही जवळपास तितकाच गुण आला. विचार न बदलता हात-पाय हलवले तरी मन मागोमाग येतं.

पण 'पहाटे पाचला पाच किलोमीटर' हे नैराश्यातल्या पोराला झेपत नाही. मग तो म्हणतो, 'बघा, मला हेही जमत नाही', आणि त्या वहीच्या उजव्या बाजूला आणखी एक पुरावा जमा. त्याला काम द्यायचं ते हसू येईल इतकं लहान. आणि 'सरळ होईल' म्हणू नका हो, तो वाकडा नाहीये.

ज्वारीकाकू | मंगळवार, रात्री ९:५५
आपल्याकडंही असं काम झालंय म्हणून सांगते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प होता. गावातल्याच बायामाणसांना शिकवून घरोघरी पाठवायचे, गरज पडली तर वर डॉक्टर. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के झाले. लोक बोलत नाहीत हे खोटं आहे. ओसरीवर बसून विचारलं तर बोलतात.

पांदणरस्ता | बुधवार, रात्री १०:४०
सगळं वाचतोय. व्याख्यान पुढं ढकललं, हॉल रिकामा नाही म्हणून सांगितलं. रविवारी त्याच्या गावी जायचं ठरवलंय. एक भीती आहे, स्पष्टच विचारतो. त्याला जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का, हे विचारावं का? विचारल्यानं नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल का?

निरगुडी | बुधवार, रात्री १०:५२
नाही होत. विचारल्यानं तो विचार पेरला जात नाही, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. एकट्याला घेऊन, सरळ शब्दांत विचारा. 'तू तसलं काही करणार नाहीस ना?' असं विचारू नका, त्याला 'नाही' एवढंच म्हणता येतं. 'जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का?' असं विचारा आणि मग गप्प बसा. उत्तर 'हो' आलं तर उपदेश करायचा नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका शहाण्या माणसाला सांगायचं आणि फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात, किल्ली दुसऱ्याकडं. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि रविवारची वाट कशाला? उद्या जा.

धुऱ्यावरचा | बुधवार, रात्री ११:०१
उद्याच जा सर. तास बुडला तर बुडू द्या.

तर्रीबाज | बुधवार, रात्री ११:०३
गाडीत पेट्रोल भरून ठेवा. आज जोक नाही.

पांदणरस्ता | शुक्रवार, रात्री ९:१५
गेलो होतो. पुढचं त्याला विचारून लिहितोय, नाव-गाव लिहिणार नाही.

अकरा वाजता पोचलो, तो आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेला. बाप ओट्यावर. मला बघून बापाला वाटलं पोरानं कॉलेजात काही लफडं केलं. चहा झाला. मग मी आणि पोरगा पांदणीनं विहिरीपर्यंत चालत गेलो.

विचारलं. बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, 'येते सर. करन असं नाई, पण येते.'

मग हळूहळू निघालं. त्याची मोठी बहीण हुशार, बारावीनंतर घरीच आहे. त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की बापाजवळ एकाच्याच शिक्षणाचे पैसे होते, ते याच्यावर लागले, म्हणून बहिणीचं थांबलं. आणि आता हा पास झाला तरी नोकरी नाही, म्हणजे तिचंही गेलं आणि याचंही. तीन वर्षं हे कोणाजवळ बोलला नाही. निरगुडीताईंची ती उडी मला तिथं दिसली.

परत आल्यावर त्याच्या परवानगीनं बापाला विचारलं. बाप उडालाच. म्हणे, 'पैशाचं कोन बोल्लं? संपानंतर गावातली सकाळची गाडी चालूच नाई झाली. फाटा चार किलोमीटर. अंधारात पोरीले एकटी कशी धाडू?' बहीण दारात उभी होती. ती म्हणाली, 'येड्या, मले तरी विचारायचं.'

आज जिल्हा रुग्णालयात नेलं, मनोविकार ओपीडीला. नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला, रक्त काढलं, गोळ्या लिहून दिल्या, दोन आठवड्यांनी बोलावलंय. हिमोग्लोबिन कमी निघालं, काकू. फवारणीचा डबा आता बहिणीच्या कुलपात आहे.

शून्यबाकी | शुक्रवार, रात्री ९:२७
एसटी. २०२१ च्या संपानंतर न आलेली एक गाडी. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

मुक्काम_पोस्ट_पुणे | शुक्रवार, रात्री ९:३३
गाडी गेली म्हणून बहीण घरी बसली, हे तुमचं. त्याचा दोष त्यानं स्वतःवर घेतला, हे निरगुडीताईंचं. दोघांनी वाटून घ्या.

शून्यबाकी | शुक्रवार, रात्री ९:४०
मान्य. गाडीसाठी आगार व्यवस्थापकांना अर्ज मी लिहून देतो, ग्रामपंचायतीचा ठराव जोडायचा. सर, व्यक्तिगत निरोप बघा.

उंबरठा | शुक्रवार, रात्री १०:१२
सर, बहिणीला मुक्त विद्यापीठाचं विचारा. आणि आमचा अर्धा तासाचा नियम दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी एकीचं लग्न ठरलं, त्या रात्री घड्याळ कोणीच बघितलं नाही.

जयभवानी_फिटनेस | शुक्रवार, रात्री १०:३०
पोराला लहान काम काय दिलं?

पांदणरस्ता | शुक्रवार, रात्री १०:३८
त्यानंच निवडलं. सकाळी दुधाची कॅन डेअरीवर नेऊन द्यायची. घरापासून डेअरी तीनशे पावलं.

पांदणरस्ता | पुढचा गुरुवार, रात्री ८:५०
बरेच जण विचारतायत म्हणून. कॉलेजात अजून आलेला नाही. सहा दिवसांत चार दिवस डेअरीवर गेला. काल नाही गेला, दिवसभर झोपून होता. आज गेला, आणि डेअरीवरून मला स्वतःहून फोन केला. काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं, शेवटी त्यानं फॅट किती लागला ते सांगितलं.

धुऱ्यावरचा | गुरुवार, रात्री ८:५७
किती लागला?

पांदणरस्ता | गुरुवार, रात्री ८:५८
४.२

धुऱ्यावरचा | गुरुवार, रात्री ८:५९
गाईचं हाय ना? मंग मस्त हाय. सरकी ढेप देत असतीन.